आतार सरांची भिंत

ईशान, गेल्या रविवारी तू फोनवर तुझ्या शाळेच्या प्रकल्पाविषयी सांगत होतास. पृथ्वीवर बनवायचा छोटा सूर्य, त्याच्याभोवतीचे चुंबक, आतली टंगस्टनची भिंत. मी मध्येच म्हणाले, "तिला तडे तापताना जात नाहीत रे, निवताना जातात." तू थांबलास, आणि मग सईला हाक मारून सांगितलंस की आजीला फ्यूजन येतं.

आजीला फ्यूजन येत नाही. आजीला इंग्रजी येतं, आणि तेही जुन्या वळणाचं. पण आजीच्या ओळखीचा एक माणूस होता. त्याच्या आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्या भिंतीपुढे गेली, आणि ती भिंत त्यानं डोळ्यांनी कधी पाहिली नाही. त्याच्याविषयी लिहून पाठवते, असं मी तुला कबूल केलं होतं. लिहायला बसले तर बरंच मोठं झालं. आईला शेजारी बसवून वाचा. जिथे कळणार नाही तिथे तिला थांबवा, पुढे जाऊ नका. हा नियमही त्याच माणसाचा आहे.

त्यांचं नाव हमीद आतार. आम्ही सगळे आतार सर म्हणायचो. नगरच्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, ते पदार्थविज्ञान. (आता कागदोपत्री अहिल्यानगर लिहायचं असतं, पण माझ्या तोंडात नगरच बसलेलं आहे.) माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. उंच, मानेत थोडे वाकलेले, आणि भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून खाली सोडलेल्या. नवीन माणसाला वाटायचं, मोठा टापटिपीचा गृहस्थ आहे. तसं काही नव्हतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. सुप्याला त्यांच्या वडिलांची लाकडाची भट्टी असलेली बेकरी होती आणि शाळेत असल्यापासून सर त्या भट्टीच्या तोंडाशी उभे राहत आले होते. सई, गेल्या खेपेला मी डब्यातून आणलेली नानकटाई तू एकटीनं संपवलीस, ती तिथलीच.

त्यांच्या दोन सवयी सगळ्या कॉलेजला ठाऊक होत्या. एक म्हणजे ते कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तळवा तिच्यासमोर धरायचे. चहाचा कप, उन्हात उभी असलेली स्कूटर, खिडकीचा गज, प्रश्नपत्रिकांचा नुकताच छापून आलेला गठ्ठासुद्धा. क्षणभर तळवा धरायचा आणि मग हात लावायचा. चहा तर साय धरेपर्यंत प्यायचे नाहीत. कुणी हसलं तर म्हणायचे, "लहानपणीच पुरेसा तापून घेतलाय मी."

दुसरी सवय एका प्रश्नाची. काहीही सांगा, ते विचारणार, "किती वेळात?" शिक्षकांच्या खोलीत कुणी सांगितलं की प्राचार्य फार चिडलेत, तर सगळे विचारत कशावरून, आणि आतार सर विचारत, "किती वेळात चिडले?" एकदा मी वैतागून म्हटलं, चिडले ते चिडले, त्यात वेळेचा काय संबंध. ते शांतपणे म्हणाले, "हळूहळू तापलेला माणूस हळूहळू निवतो, बाई. त्याची काळजी नाही. एकदम तापलेला असेल तर तो निवत असताना त्याच्याजवळ उभं राहू नये." मी हे प्राचार्यांवर पडताळून पाहिलं आहे. बरोबर निघालं.

मागल्या वर्षाच्या आदल्या वर्षी मी तुमच्याकडे होते, तेव्हा त्यांच्या विद्यार्थिनीचा फोन आला की सर गेले. माझ्या तोंडून काय निघून गेलं असेल, तर "किती वेळात?" ती म्हणाली, "दोन मिनिटांत, बाई. बेकरीतच." तुम्ही दोघं तेव्हा खाली बर्फात खेळत होतात. तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं.

त्यांची माझी ओळख इंग्रजीमुळे झाली. एके दिवशी दुपारी ते आमच्या विभागात आले आणि बारा पानांचा एक शोधनिबंध माझ्यापुढे ठेवला. परदेशातल्या नियतकालिकानं तो भाषा सुधारून पाठवा म्हणून परत केला होता. मी लाल पेन घेऊन दोन दिवसांत पानं लाल करून दिली. त्यांनी ती उभ्यानंच चाळली आणि विचारलं, "हे वाक्य तुम्ही सरळ केलंत, पण कळलं का?" मी म्हटलं, मला कळायची काय गरज, मी भाषा बघते. त्यावर ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुम्हाला कळलं नसेल तर मी ते नीट लिहिलेलं नाही.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. दर बुधवारी शेवटच्या तासानंतर ते यायचे, एकेक वाक्य मराठीत समजावायचे, आणि मला कळलं की मगच मी ते इंग्रजीत बसवायचे. मी त्यांच्या आधी निवृत्त झाले, तरी बुधवारी कॉलेजात येणं सोडलं नाही. असं मी फुकटात बरंच शिकले. जेवढं शिकले तेवढं सांगते.

सूर्याच्या पोटात जे चालतं ते इथे करायचं तर एका पोकळ कड्यासारख्या भांड्यात वायू इतका तापवावा लागतो की कुठलंही भांडं त्याला धरू शकत नाही. म्हणून चुंबकांनी त्याला भिंतींपासून दूर अधांतरी धरतात. पण तो मधूनमधून निसटतो आणि त्याचा एखादा फटकारा भिंतीवर बसतो. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकापेक्षाही कमी वेळ. भिंतीला टंगस्टनच्या फरशा लावलेल्या असतात. तेवढ्या वेळात फरशीचा वरचा पापुद्रा प्रचंड तापतो आणि आतला भाग गारच राहतो. वरच्याला पसरायचं असतं, खालचा त्याला पसरू देत नाही, म्हणून वरचा दबून बसतो. निवताना तोच आता आकसायला लागतो आणि ताणला जाऊन तडकतो. असे फटकारे एकामागून एक बसत राहिले तर भिंत किती टिकेल? खऱ्या भिंतीवर हे करून पाहणं आमच्या कॉलेजच्या कुवतीबाहेर होतं. म्हणून सर ते संगणकात करून पाहायचे. फरशीचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचं तापणं-निवणं गणितानं काढायचं. त्याला सिम्युलेशन म्हणतात, हे तुला माहीतच आहे.

त्यासाठी त्यांच्याकडे सुप्याच्या एका कारखान्यानं मोडीत काढलेले तीन संगणक होते आणि प्रयोगशाळेच्या मागची एक खोली. खोलीच्या दारावरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, 'भिंत तापते आहे. दार हळू लावा.' वीज गेली की चार दिवसांचं काम वाया जायचं. आमचे शिपाई गंगारामामा रोज सकाळी फडकं मारताना पडद्यावरचे निळे-लाल रंग बघत विचारायचे, "काय सर, भाजली का भिंत?" सर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "अजून कच्ची आहे, मामा."

त्यांच्या वडिलांना मी पहिल्यांदा भेटले ते बेकरीत. पुण्याला जाताना सरांनी गाडी थांबवायला लावली आणि मला आत नेलं. आतार चाचा, अब्बा म्हणायचे त्यांना घरी, तेव्हा ऐंशीला टेकले होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पिठानं माखलेली बंडी, आणि नजर भट्टीवरून हलत नव्हती. मी इंग्रजीची प्राध्यापक आणि सरांचे निबंध तपासते म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग तुमाला म्हाईत असंल," ते म्हणाले. "ह्यो लई शिकला. इतका शिकला, की आता भट्टी न पेटवताच पाव भाजतो."

सर हसले. मीही हसले. पुढे हे वाक्य आम्हाला कसं आठवणार आहे ते तेव्हा कुणाला ठाऊक.

चाचांनी मग मला भट्टी दाखवली. आत लाकूड जाळायचं, विटा तापल्या की निखारे-राख ओढून बाहेर काढायची, तळावर ओल्या गोणपाटाचा पोचारा फिरवायचा आणि पाव आत लावायचे. तळाच्या विटांना बारीक तडे होते. "तापून न्हाई मोडत इट," चाचा म्हणाले. "तापल्यावर गार पान्याचा पोचारा मारला, का मोडती." मी सरांकडे पाहिलं. गेली तीन वर्षं बुधवारी-बुधवारी मी जे इंग्रजीत बसवत होते ते एवढंच होतं. सरांनी खांदे उडवले. "मी यांच्याकडूनच चोरलंय, बाई. फक्त वीट बदलली."

अजून एक गोष्ट त्या दिवशी कळली. चाचा कामगाराला, किती लाकूड घातलंस, असं कधी विचारत नसत. ते राख बघायचे. कोपऱ्यात राखेचा ढीग असायचा. त्यावर नजर टाकून ते सांगत, लाकूड नीट जळलं की नुसतं धुमसलं, की कुणी आळस करून घातलंच नाही. माणूस काही सांगेल, राख तेवढंच सांगेल जेवढं जळलं, असा त्यांचा हिशेब होता.

आता वैशालीकडे येते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

वैशाली अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या पलीकडच्या एका गावची. डोंगरउतारावर भाताची थोडी शेती. बस जिथे संपते तिथून पुढे जीप. सरांकडे पीएच.डी. करणारी ती पहिली आणि शेवटचीच विद्यार्थिनी. बोलायची कमी, पण खोलीचं दार सगळ्यांत हळू लावणारी तीच. तिचा विषय होता चौकटीदार फरशी. टंगस्टनच्या फरशीवर बारीक चिरा पाडून तिचे छोटे छोटे चौकोन केले, तर प्रत्येक चौकोनाला पसरायला-आकसायला जागा मिळते. मग फटकारे बसले तरी तडा जाऊ नये. कल्पना छान होती. अडीच वर्षं ती संगणकांपुढे बसली आणि शेवटी उत्तर आलं. चौकटीदार फरशीनं हजारभर फटकारे सोसले. तडा नाही.

मी तो निबंध किती मनापासून लिहिला म्हणून सांगू. मला त्यातलं प्रत्येक वाक्य कळलं होतं. इंग्रजी इतकं घोटीव झालं होतं की वाचणारा कुठेही अडखळू नये. नियतकालिकानं तो एका फेरीतच स्वीकारला. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संशोधनसंस्थेनं वैशालीला बोलावलं. प्रबंध दाखल करून या, तुमच्यासाठी जागा आहे, असं पत्र आलं. तिच्या वडिलांनी गावात ते पत्र मारुतीच्या पारावर वाचून घेतलं, आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजात काळभात या तिकडच्या वासाच्या तांदळाचं पोतं येऊन पडलं. प्राचार्यांनी सूचनाफलकावर अभिनंदन लावलं. सरांची निवृत्ती वर्षावर आली होती. मला वाटलं, या माणसाला मिळायला हवं होतं ते अगदी वेळेवर मिळालं.

पेढे घेऊन आम्ही तिघं सुप्याला गेलो. चाचांनी हातातला पेढा तसाच धरून सगळं ऐकून घेतलं. वैशालीनं त्यांना समजेल असं सांगितलं, की हजार वेळा भट्टीत घातली फरशी, आजोबा, आणि मोडली नाही.

चाचा म्हणाले, "हजार येळा?"

"हो."

"आन् राख किती निघाली?"

वैशाली हसली. सरही हसत म्हणाले, अब्बा, संगणकात लाकूड नसतं, उष्णता असते. प्रत्येक फटकाऱ्याला किती ते आम्हीच ठरवून देतो.

"ते घातलं किती ते झालं," चाचा म्हणाले. "मी इचारतो, जळलं किती?"

सरांनी समोरचा चहाचा कप उचलला आणि गरम चहाचा घोट घेतला. तळवा न धरता. इतक्या वर्षांत मी तसं पहिल्यांदा पाहिलं, आणि काही तरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळलं. वैशालीलाही कळलं असावं. तिनं पेढ्यांचं खोकं बंद केलं.

परत कॉलेजच्या खोलीत आल्यावर सरांनी वैशालीला एवढंच सांगितलं, की पहिल्यापासून शेवटपर्यंत फरशीनं एकूण किती उष्णता घेतली ते मांड. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी दाराशी उभी होते. आकडा आला तो हजार फटकाऱ्यांचा नव्हता. एका फटकाऱ्याचा होता.

काय झालं होतं ते सरांनी मला नंतर समजावलं. संगणक हे गणित एकेक पाऊल टाकत करतो. जिथे फार काही घडत नाही तिथे वेळ वाचवायला तो लांब ढांगा टाकतो. तशी मोकळीक सरांनीच त्याला दिली होती, कारण यंत्रं जुनी, वीज बेभरवशाची, आणि नाही तर एका उत्तराला वर्ष लागलं असतं. सुरुवातीला पावलं लहान होती, म्हणून पहिला फटकारा त्याला सापडला. मग फरशी निवत गेली, सगळं शांत झालं, आणि संगणक ढांगा टाकायला लागला. पुढचे सगळे फटकारे इतके झटपट होते की त्याच्या दोन पावलांच्या मधून निघून गेले. एकही त्याच्या पायाखाली आला नाही. पडद्यावरची चित्रं दोन फटकाऱ्यांच्या मधल्या, निवलेल्या वेळेची होती. ती निळी दिसत होती आणि निळीच दिसायला हवी होती. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. फरशी मोडली नाही, कारण पहिल्या फटकाऱ्यानंतर तिला कुणी तापवलंच नव्हतं.

"आयुष्यभर साऱ्या जगाला विचारत आलो, किती वेळात," सर म्हणाले. "यंत्राला विचारायचं राहिलं."

वैशाली खुर्चीत तशीच बसून होती. तिचा प्रबंध महिनाभरात दाखल व्हायचा होता आणि त्याचं मुख्य प्रकरण हेच होतं. ती हळूच म्हणाली, निबंध तर स्वीकारलाय. आपण पुढच्या निबंधात दुरुस्त करू. तोवर प्रबंध जाईल, जागाही मिळेल. मग खाली बघत म्हणाली, "कुणाला कळणार नाही, सर."

"भिंतीला कळेल," सर म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, समजावत बसले नाहीत. वैशाली उठली, दार नेहमीसारखं हळू लावलं आणि गावी निघून गेली.

मुलांनो, मी खोटं सांगणार नाही. त्या रात्री मीही त्या मुलीच्या बाजूनं होते. दुसऱ्या दिवशी सरांनी मला नियतकालिकाला पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं, तेव्हा मी ते जमेल तितकं मवाळ केलं. जुनी यंत्रं, वारंवार जाणारी वीज, साधनांच्या मर्यादा, असं सगळं ओळीनं मांडलं. त्यात काही खोटं नव्हतं. सरांनी वाचलं आणि माझंच लाल पेन मागून घेऊन तो परिच्छेद खोडला.

"मशीननं मी सांगितलं तेवढंच केलं, बाई," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये घेता?"

मी नव्यानं लिहिलं. चूक कोणती, ती कुणी केली आणि निबंध मागे घेत आहोत. चार ओळी झाल्या. वैशालीचं नाव चुकीत येऊ द्यायचं नाही आणि कामात मात्र ठेवायचं, एवढी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनदा तपासून घेतली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की एक समिती कॉलेज पाहायला येणार आहे, ती येऊन जाऊ द्या, मग पाठवा. एरवी सरांनी विचारलं असतं, किती वेळात येणार. या वेळी काही न विचारता बाहेर आले आणि पत्र पाठवून दिलं. सूचनाफलकावरचा अभिनंदनाचा कागद त्यांनी स्वतः काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि टाचण्या गंगारामामांच्या हातात दिल्या.

वैशाली पंधरा दिवस आली नाही, फोनही उचलला नाही. सोळाव्या दिवशी सर एस.टी.नं अकोल्याला गेले, तिथून जीपनं तिच्या गावी. हे मला पुढे वैशालीनंच सांगितलं. तिचे वडील खाचरात होते. सर बांधावर उभे राहून त्यांना तासभर सगळं सांगत राहिले, ती भिंत, तो फटकारा, त्या ढांगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ह्यात पोरीची चूक हाय का?"

"नाही. माझी आहे."

"मंग तिला घिऊन जा," ते म्हणाले. "इथं बसून काय करती?"

ती आली. संस्थेतली जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती.

पुढची दोन वर्षं मी बाहेरूनच पाहिली. या वेळी दर फटकाऱ्यापाशी संगणकानं मुंगीच्या पावलानंच चालायचं, असं त्याला बांधून घातलं होतं. त्यामुळे एकेका उत्तराला महिने लागत. मध्येच सर निवृत्त झाले. प्राचार्यांनी खोली काढून घेतली नाही, हे त्यांचं चांगुलपण. सुप्याहून रोज सकाळी बेकरीचा टेम्पो नगरला पाव घेऊन यायचा, त्यात बसून सर यायचे, आणि अंगाला भाजलेल्या खारीचा वास घेऊन खोलीत शिरायचे. आता दारावरची पाटी वैशालीच्या अक्षरात असायची.

चौकटीदार फरशी शेवटी तडकली. हजाराच्या कितीतरी आधी, आणि निवतानाच. मला वाटलं, संपलं. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या घरची एक रीत होती. ईदला बेकरी दोन दिवस बंद असली तरी भट्टी बंद ठेवायची नाही, दोन ओंडके टाकून ती कोमट ठेवायची. पार गार झालेली भट्टी पेटवली की विटा जास्त फुटतात, म्हणून. सरांनी वैशालीला सांगितलं, फरशी दोन फटकाऱ्यांच्या मध्ये पार निवू देऊ नकोस, तिला आधीपासूनच चांगली ऊन ठेव, आणि मग बघ. टंगस्टन गार असताना काचेसारखा ठिसूळ असतो, एका मर्यादेपलीकडे तापला की थोडा वाकतो. ती मर्यादा सांभाळली तेव्हा तडे कमी झाले. थांबले नाहीत, कमी झाले. हे जगात इतरांनाही ठाऊक होतं. चौकटीदार फरशीला किती ऊब पुरेल, तेवढी एक लहानशी भर या दोघांनी घातली. तो निबंध मी लिहिला तेव्हा त्यात एकही घोटीव वाक्य नव्हतं. दोन ठिकाणी वाचणारा अडखळेल असं मी मुद्दाम ठेवलं, जिथे अडखळायला हवं तिथे.

वैशालीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा कॉलेजच्या लहान सभागृहात झाली. ती आता त्याच मोठ्या संस्थेत त्याच भिंतीवर काम करते. त्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक पुढच्या रांगेत होते. तिचे वडील नवा सदरा घालून मधल्या रांगेत. आतार सर अगदी शेवटच्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारी, टोपी घालून, काठी गुडघ्यांमध्ये धरून चाचा.

वैशालीनं सुरुवात निष्कर्षांपासून केली नाही, चित्रांपासूनही नाही. पडद्यावर पहिल्यांदा एक साधा तक्ता आला. प्रत्येक फटकाऱ्याला किती उष्णता घातली आणि फरशीनं खरोखर किती घेतली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, शेवटपर्यंत. परीक्षक म्हणाले, सहसा हे कुणी दाखवत नाही. ती इंग्रजीत म्हणाली, की आमच्याकडे हे आधी दाखवतात.

मागून चाचांची कुजबुज सगळ्या सभागृहाला ऐकू गेली. "काय म्हनती ती?"

"राख दाखवतेय, अब्बा," सर म्हणाले.

चाचांनी पुढे वाकून तो तक्ता बराच वेळ पाहिला. त्यातला एकही शब्द त्यांना वाचता येत नव्हता. मग ते मागे टेकले आणि म्हणाले, "मंग खरं हाय."

परीक्षा संपली, टाळ्या झाल्या, वैशाली वाकून सगळ्यांच्या पाया पडली. जेवणाची व्यवस्था वरच्या मजल्यावर होती. मी सरांना शोधत खाली आले, तर ते चाचांना हात देऊन टेम्पोत चढवत होते. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा चहा साय धरून तसाच राहिला होता. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी जेवून जा.

"नको, बाई. सकाळी भट्टीत दोनच ओंडके टाकून आलोय."

"निवेल किती वेळात?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. उत्तर त्यांनी चाचांकडे पाहून घेतलं. आतून चाचांनी दोन बोटं दाखवली. दोन तास. सुप्याला पोचायला पाऊण तास, म्हणजे वेळ होता. पण चाचांनी काठीनं पत्र्यावर ठोकलं आणि सर चढून बसले.

त्यानंतर मी तुमच्याकडे आले. ती त्यांची माझी शेवटची भेट. टेम्पो फाटकातून वळला तेव्हा सरांचा हात खिडकीबाहेर आला. निरोपाचा असेल म्हणून मीही हात केला. पण त्यांचा हात हलत नव्हता. तळवा उघडा धरून ते ऊन किती आहे ते पाहत होते.